खालचा गोटा

"वरचा गोटा बोले, खालचा ऐकत राहे… हुश्श कोंबडे! हुश्श, मरत नाई एकडाव… पीठ दोघायचं पडे, नाव एकाचं होये."

हा आवाज भागिरथाच्या कानात अजून आहे. तिच्या भावाचा, आठ-नऊ वर्षांच्या देवमनचा, पातळ, दुधावरच्या सायीसारखा. जात्याच्या दोन गोट्यांची, दगडांची ही ओवी आईची, चालही आईची. विमलबाई एकदा पहाटे जात्यावर ही ओवी म्हणत होती आणि कोंबडीनं सुपात चोच घातली. तिनं ओवीच्या मधोमध कोंबडीला हुसकलं, एकदा खोकली आणि पुढची ओळ धरली. झालं. त्या दिवसापासून देवमनच्या ओवीतून ती कोंबडी काही उठली नाही. खरी कोंबडी कधीच कापली, खाल्ली, तिची पिसं उकिरड्यावर उडून गेली. देवमनच्या ओवीत मात्र ती रोज यायची, रोज हुसकली जायची, आणि त्यानंतरचा खोकलाही बरोबर तिथंच यायचा.

बाकीची पोरं म्हणायची, "माय, मले भूक लागली." देवमन भिंतीकडे पाहून म्हणायचा, "देवमन, तुले भूक लागली का रे?" आईनं विचारावं तसं, आईच्याच सुरात. मग विमलबाई भाकर वाढायची. भागिरथा त्याच्याहून चार वर्षांनी लहान. तिला कित्येक वर्षं वाटायचं, सगळ्यांच्याच घरचे मोठे भाऊ असे बोलतात.

आज तोच देवमन एस.टी.त तिच्या पुढच्या बाकावर बसला होता. सत्तावीस वर्षांचा बाप्या माणूस, पण मान अशी ताठ की कुणी मागून धरून ठेवली आहे. तोंड उघडं. हनुवटीवर लाळ आली की शेजारी बसलेली विमलबाई पदरानं पुसायची, पुन्हा यायची, पुन्हा पुसायची. उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासत होती, नसलेली विडी वळत असल्यासारखी. तीन वर्षांच्या इंजेक्शनांनी दिलेली एवढीच कमाई.

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर शेषरावकाका. मांडीवर कागदांची पिशवी, तीवर दोन्ही हात. मंगरूळपीरच्या कचेरीत तो कारकून होता आणि घराण्यातला पहिला मॅट्रिक. आज सरकारी दवाखान्यातून डॉक्टरचा दाखला घ्यायचा, की देवमनला शहरातल्या वेड्यांच्या दवाखान्यात कायमचं भरती करता येणार होतं. दाखल्याशिवाय तिथं कुणी दार उघडत नाही. शेषरावनं सगळी चौकशी करून ठेवली होती.

आणि भागिरथाच्या शेजारी तिची सासू, गंगूबाई. रिठदहून मुद्दाम आली होती. भागिरथाला सातवा महिना. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस राहिले होते. बाळंतपण माहेरी केनवडला व्हायचं होतं आणि गंगूबाईचं म्हणणं एकच होतं, "बाळंतिणीच्या घरात येडा मानूस नको." म्हणून हा सगळा प्रवास. मंगरूळपीरला नवी डॉक्टरीण आली आहे म्हणतात, तर सुनेचं पोटही दाखवून घेऊ, म्हणून तीही बरोबर.

"मान अशी काहून धरते गं तो?" गंगूबाईनं हळूच विचारलं.

"इंजेक्शननं," भागिरथा म्हणाली.

"मंग बरं हाये. अवशीद लागू पडून राह्यलं म्हनाचं."

भागिरथानं खिडकीबाहेर पाहिलं. तुरीच्या ओळी मागं पळत होत्या. तिच्या दातांवर दात बसले होते आणि ते सुटत नव्हते.

*

वेडा कोण म्हणालं त्याला आधी? कुणीच नाही, कितीतरी वर्षं. केनवडच्या बायांना देवमन म्हणजे जात्यांचा जाणकार होता. चांदणी मावळायच्या सुमाराला तो उठायचा आणि वस्तीतल्या घरोघरच्या ओसरीवर एकेक करून बसायचा. दोन दगडांच्या मधून निघणारी ती घरघर त्याला अशी लागायची, जशी तान्ह्याला आईची छाती. डोळे मिटून पुढे-मागे डुलायचा. कुणाशी बोलणं नाही, कुणाकडे पाहणं नाही. एखाद्या दिवशी मात्र उठताना म्हणायचा, "टाकी लावा लागते." म्हणजे जात्याचा दगड गुळगुळीत झाला, छिन्नीनं पुन्हा खरखरीत करून घ्या. बाया हसायच्या, पण टाकीवाल्याला बोलवायच्या. देवमनचा कान कधी चुकला नाही. दुरून घरघर ऐकून तो सांगायचा हे रुखमाबाईचं जातं, ते खेमाच्या घरचं. शेतात निंदायला गेला तर ओळ सुतात लावल्यासारखी. कुणी मध्ये बोलावलं तर मात्र पुन्हा पहिल्या रोपापासून सुरू करायचा. त्याला मध्येच अडवायचं नाही, एवढंच गावाला माहीत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

मग दुष्काळाच्या साली दोन गोष्टी एकामागून एक झाल्या. बाप ग्यानबा खडी फोडायच्या कामावर उन्हानं गेला. आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी गावात मोहनसिंगची चक्की आली, विजेवरची. बायांनी डोक्यावर डबे घेतले आणि रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची काय चूक? हातांना फोड आलेल्या बाईला कुणी सांगावं की एका पोराच्या कानासाठी दळत राहा! पण महिन्याभरात वस्तीतली जाती मुकी झाली. कुणी जातं कोपऱ्यात लोटलं, कुणी त्यावर पेटी ठेवली, कुणी त्याचा पाट केला.

देवमन पहाटे उठून जायचा आणि ओसरीवर काहीच नसायचं. ज्याचा दिवस त्या आवाजानं उघडायचा, त्याचा दिवस उघडेच ना. तो घरात शिरायला लागला. रिकामं जातं फिरवायला लागला. दगडावर दगड, त्याचा कर्कश आवाज. कुणी हात धरला की कान झाकून किंचाळायचा. चक्कीपुढून जाताना भिंतीवर डोकं आपटायचा. एके दिवशी खेमाच्या घरी गेला. तिथं जात्यावर नव्या सुनेची पेटी होती. देवमननं पेटी उचलून खाली ठेवली, पेटीवरची लुगडी घडीवर घडी नीट लावली आणि खुंटा धरून बसला. सून जागी झाली, ओरडली. माणसं धावली. त्याला अंगणात ओढून मारलं, चपलांनी मारलं.

मार खाताना तो ओरडत होता, "देवमन, तुले लागलं का रे? देवमन, तुले लागलं का रे?"

त्या दिवसापासून तो वेडा. बाप मेला तरी डोळ्यांत पाणी नाही आलं, हेही मग लोकांना आठवलं. बदललं होतं गाव. पण गावाला कोण म्हणणार वेडं?

*

त्यानंतर चारच महिन्यांत भागिरथाला पाहायला रिठदची माणसं आली. मुलगा माणिकराव शाळामास्तर, स्थळ नाकारण्यासारखं नव्हतंच. हुंडा नाही, मानपान नाही. बुद्धविहारात पांढऱ्या कपड्यांत लग्न. गंगूबाईनं चहाची बशी खाली ठेवली आणि अंगणात उन्हाकडे पाठ करून डुलणाऱ्या देवमनकडे पाहून म्हणाली, "एक इचारतो, राग नका मानू. हा पोट्टा जन्माचाच असा हाये का, का मांगून झाला?"

सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं. मागून आलेलं दुखणं मागं फिरू शकतं. जन्माचं असलं तर ते रक्तात असतं, आणि मग ते पोरीच्या ओटीतून सासरी जातं, असं लोक धरून चालतात. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर म्हणाले असते, बाहेरचं लागलं, कुणी काही केलं, भगत उतरवेल. पण हे घर छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं. ग्यानबानं देव्हारा स्वतःच्या हातानं नदीत सोडला होता. शेषराव तेव्हा सतरा-अठराचा. नागपूरपर्यंत पायी गेला होता, पायांना आलेले फोड तो अजून अभिमानानं सांगायचा. बाधा म्हणायची सोय राहिली नव्हती. जन्माचं म्हणायची छाती नव्हती. मग उरला आजार, आणि आजाराला तारीख लागते.

"नाई नाई," शेषराव म्हणाला. "चांगला होता एकदम. बाप गेला तवापासून डोक्यावर परिनाम झाला. सात-आठ महिने झाले. इलाज चालू हाये."

"इलाजाचा कागद हाये?"

"हाये ना! कागद कसा नाई राह्यन?"

कागद नव्हता. विमलबाई खाली मान घालून पदराची शिवण उसवत होती. आणि आत, चुलीपाशी, भागिरथा दुसऱ्या चहाचं पातेलं हातात धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पातेलं भाजत होतं, तिनं ते खाली ठेवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शेषराव देवमनला शहरातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथं काय झालं ते त्यानं परत आल्यावर मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. डॉक्टरनं विचारलं, "समोर कोणी नसताना बोलणं ऐकू येतं का रे?" देवमन म्हणाला, "येतं." "कोणाचं?" "मायचं. रुखमाबाईचं." आता कुडाच्या भिंतींचं घर; पलीकडं रुखमाबाई दिवसभर सुनेला बोलते, ते कुणाला ऐकू येत नाही? सगळ्या वस्तीला येतं! पण डॉक्टरनं लिहून घेतलं. "बायांच्या आवाजात बोलतो का?" "बोलते," शेषराव म्हणाला. तेही लिहून घेतलं. "कधीपासून?" आणि शेषरावनं घरी ठरवलेली ती तारीख सांगितली, जी कधी नव्हतीच. त्या तारखेला टेकून मग बाकीचं सगळं उभं राहिलं: आजाराचं इंग्रजी नाव, गोळ्या, दर महिन्याचं इंजेक्शन.

कागद रिठदला पोचला, लग्न लागलं. कुणी हुंडा घेतला नाही, ही गोष्ट खरी. भागिरथाच्या लग्नाचा हुंडा देवमनच्या दंडातून गेला, महिन्याला एक सुई.

पहिल्या वर्षी डुलणं थांबलं. लोक म्हणाले, गुण आला. दुसऱ्या वर्षी मान ताठली, हात थरथरायला लागले. तिसऱ्या वर्षी ओवी गेली. भागिरथा दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिनं त्याच्याजवळ बसून मुद्दाम पहिली ओळ म्हटली होती. देवमनचे ओठ हलले, जीभ जड झालेली, शब्द काही वर आला नाही. त्याच्या डोळ्यांच्या कडांना पाणी होतं. ते लाळेसारखंच आपोआप आलेलं की कसं, तिला कळलं नाही. रिठदला परतताना ती सगळ्या वाटेनं स्वतःच्या मुठीवर मूठ मारत होती आणि माणिकराव म्हणाला होता, "काहून रागावली वं? कोन काय म्हनलं?"

*

भांडण काल झालं. विमलबाई भाकरी थापत होती, आणि भागिरथा समोर उभी, पोटावर हात.

"माय, त्याले तिकडं पाठवशीन तं तो परत येनार नाई."

"शेषरावभाऊजीनं सगयं पाह्यलं हाये. तिथं मोठे डाक्टर राह्यतात."

"तो येडा नाई, माय! तुले माईत हाये तो येडा नाई. तीन वर्साचा झाला तरी तो तुह्याकडं पाहे नाई. पाच वर्साचा झाल्यावर बोलला, तं तुह्यी ववी बोलला. तूच सांगतं ना आमाले. मंग त्या डाक्टरले काहून नाई सांगितलं?"

"हयू बोल. तुही सासू मांगच्या अंगनात हाये."

"ऐकू दे तिले!"

"ऐकू दे?" विमलबाईनं भाकर तव्यावर टाकली, तशी ती फाटली. "तुह्या पोटात काय हाये ते पाह्य आधी. उद्या तुह्या लेकराले बोलाले उशीर झाला तं ते बाई काय म्हनन? मामाचं रक्त हाये म्हनन. तुले मायघरी आनून सोडन. मी दोघायले घेऊन कोठी जाऊ?"

"मंग त्याले जिता गाडतं का माह्यासाठी?"

"मले बोलतं!" विमलबाईचा आवाज एकदम चिरला. "सगये मलेच बोलतात. मीच चूप होती का त्या दिवसी? तूबी त होती चुलीजवळ."

 फाटलेली भाकर तव्यावर करपत होती. बाहेरून गंगूबाईनं हाक मारली, "काय जयून राह्यलं गं?"

"काई नाई, मामी," भागिरथा म्हणाली. सासूला ती मामीच म्हणायची. "भाकर."

*

मंगरूळपीरच्या दवाखान्यात गर्दी होती, पण शेषरावची कचेरीची ओळख होती. त्यांना लवकर आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तिशीतली, मुंबईकडची, केस घट्ट बांधलेले. तिनं आधी पडद्यामागं भागिरथाचं पोट तपासलं. "बाळ छान आहे," म्हणाली. "पण तुमचे दात का असे आवळलेत? दुखतंय का कुठं?"

"नाई."

मग देवमन. शेषरावनं पिशवीतून कागद काढून टेबलावर एकावर एक रचले, कडा जुळवल्या. डॉक्टरीणबाईनं ते वाचले. गंगूबाई भिंतीजवळच्या बाकावर बसली, तिच्याशेजारी भागिरथा. विमलबाई देवमनच्या खुर्चीमागं उभी, हातात पदर तयार.

"तीन वर्षं हेच इंजेक्शन?" डॉक्टरीणबाईनं देवमनचा हात कोपरात वाकवून पाहिला. तो अडकत अडकत वाकला, गंजलेल्या बिजागरीसारखा. तिच्या कपाळावर आठी आली. "देवमन, तुम्हाला बरं वाटतं का?"

देवमननं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याची ताठ मान हळूहळू, मोठ्या कष्टानं, वर वळली. डोक्यावर छताचा पंखा फिरत होता, दर फेऱ्याला एकदा खर्र करत.

"टा…की," तो म्हणाला. जीभ जड, पण शब्द कळला. "टाकी लावा लागते."

शेषराव कसनुसा हसला. "पाह्यलं ना बाई? हे असं. काईच्या काई."

"काईच्या काई नाई ते," भागिरथाच्या तोंडून निघालं. "पंखा घासून राह्यला, म्हनून म्हनते तो. जातं घासलं की असाच म्हने."

डॉक्टरीणबाईनं वर पाहिलं. मग दाराकडे. "आठ दिवस झाले मी कंपाउंडरला सांगतेय, पंखा घासतोय म्हणून. तो म्हणतो, मला नाही ऐकू येत." तिनं हातातला कागद खाली ठेवला आणि खुर्ची देवमनच्या जवळ ओढली, पण फार जवळ नाही. "लहानपणी कसे होते हे?"

"एकदम चांगला," शेषराव म्हणाला. "खेळे, बोले, सगयं. बाप गेल्यावर—"

"ते लिहिलंय इथं. थांबा." ती प्रत्येकाकडे पाहत सावकाश बोलली. "मी शिकत असताना मुलांच्या वॉर्डात होते. तिथं सहा वर्षांचा एक मुलगा होता. रेडिओवरच्या बातम्या शब्दन् शब्द म्हणायचा, पण पाणी मागता यायचं नाही. 'तुला पाणी हवंय का,' असं म्हणायचा. म्हणजे त्यालाच पाणी हवं असायचं."

विमलबाईच्या हातातला पदर निसटला.

"त्याला वेड लागलं नव्हतं. त्याचा पिंडच तसा होता, जन्मापासून. त्याला ऑटिझम म्हणतात. आमच्या पुस्तकात ते लहान मुलांच्या प्रकरणात आहे. जशी काही ती मुलं मोठी होतच नाहीत! ती मोठी होतात, मिशा फुटतात, आणि मग पुस्तकाला ओळखू येत नाहीत. त्यांची घडी मोडली की ती किंचाळतात, आणि कुणीतरी त्यांना वेडं म्हणून सुई टोचतं."

"म्हनजे हा येडा नाई म्हनता?" शेषरावचा आवाज चढला. "मोठ्या डाक्टरनं लिहून देल्लं हाये, बाई. शिक्का हाये."

"मी अजून काहीच म्हणत नाही. हे वेडही असू शकतं. कधी कधी माणसाला दोन्ही असतं. एका भेटीत छातीठोक कुणी सांगू नये." तिनं कागदावर बोट ठेवलं. "पण मनाचा आजार कधीतरी सुरू होतो. त्याच्याआधी माणूस वेगळा असतो. इथं तारीख आहे. ही तारीख खरी असेल, तर मला दाखल्यावर सही करावी लागेल. आणि हे दुधाच्या दातांपासून असेच असतील, तर या इंजेक्शनांनी आपण एका धडधाकट माणसाला लाकूड केलंय. आणि तिकडं पाठवणं म्हणजे बिनगुन्ह्याचा तुरुंग. म्हणून मी एकच विचारतेय. हे असे कधीपासून आहेत?"

पंखा खर्र करत फिरला.

"बाई सांगून राह्यलो ना, तीन वर्सं—"

"तुम्ही नाही. आईंनी सांगावं."

विमलबाईनं तोंड उघडलं. तिची नजर देवमनच्या मानेवरून निघाली, शेषरावच्या पिशवीवरून गेली आणि बाकावर गंगूबाईपाशी येऊन ठेचकाळली. तिथून ती भागिरथाच्या पोटावर उतरली. "भाऊजी म्हनतात तसंच," ती म्हणाली. "तीन वर्सं."

 बोल, माय! भागिरथाला वाटलं, उठून आईचे खांदे धरून गदागदा हलवावे. बोल ना, तुह्या पोटचा हाये तो! तिला काकाची ती पिशवी खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली, सासूच्या बाकाला लाथ घालावीशी वाटली. चक्की, कागद, शिक्का, पातेलं, सगळ्या जगाला आग लावावीशी वाटली. तीन वर्षं ती अशीच जळत होती. आईनं सांगावं, काकानं सांगावं, कुणीतरी सांगावं. आणि त्या आगीच्या अगदी तळाशी, गारगोटीसारखी थंड, कालची ती गोष्ट पडलेली होती: तूबी त होती चुलीजवळ.

या खोलीत सांगू शकणारं अजून एक माणूस होतं, आणि ते सगळ्यांवर रागावून बसलं होतं, म्हणजे त्याला स्वतःला तोंड उघडावं लागू नये.

डॉक्टरीणबाईनं सुस्कारा सोडला, दाखल्याचा कोरा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

भागिरथा उठली. एका हातानं भिंत धरली.

"लिहू नोका बाई."

"भागिरथे," गंगूबाई म्हणाली, "खाली बस."

"बसत नाई, मामी." तिनं भिंतीवरचा हात काढला. "तीन वर्सं बसलीच ना मी." ती देवमनच्या समोर जाऊन उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, ते त्याला आवडत नसे. तिनं हलक्या सुरात धरलं, "वरचा गोटा बोले, खालचा ऐकत राहे… पीठ दोघायचं पडे—"

देवमनची बोटं थांबली. त्याचा चेहरा आवळला, कुणी घडी चुकवल्यासारखा.

"हुश्श," तो म्हणाला. लाळ हनुवटीवर आली. विमलबाईचा हात हललाच नाही. "हुश्श… कोंबडे." आणि मग, बरोबर जागेवर, तो एकदा खोकला.

विमलबाई मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"ही कोंबडी मी चार वर्साची होती तवाची हाये, बाई," भागिरथा म्हणाली. "तवाबी हा असाच होता. त्याच्याआंधीबी असाच होता. भूक लागली तं मायच्या तोंडानं इचारे. मारलं तं मायच्या तोंडानं इचारे, तुले लागलं का रे. कोनाच्या मरनानं काई नाई झालं त्याले. तारीख खोटी हाये. शेषरावकाकानं सांगितली, मायनं होकार देल्ला."

डॉक्टरीणबाईनं पेनाला टोपण लावलं.

"पोरी!" शेषराव ओरडला. "घरादाराचं—"

"थांबा काका, माह्यं राह्यलंच हाये." ती गंगूबाईकडे वळली. तिचे दात आता आवळलेले नव्हते. "मामी, तुमी आमच्या घरी येऊन इचारलं होतं, हा जन्माचाच असा हाये का. काकानं नाई म्हनलं, तवा मी आतमंदी चहाचं पातेलं धरून उभी होती. मले सगयं माईत होतं. बाहेर येऊन एक शब्द बोलली असती तं याले एकबी सुई लागली नसती. मी बोलली नाई. माह्यं लगन मोडू नये म्हनून मी चूप राह्यली."